विश्लेषण : २९ महाविद्यालयांचा नकार, एका छोट्या कॉलेजचा होकार… एलिझाबेथ ब्लॅकवेल डॉक्टर कशा झाल्या?

प्रवेशांचा हंगाम सुरू झाला की घराघरांत एकच विषय असतो. कटऑफ किती लागला, प्रतीक्षा यादीत क्रमांक कितवा, पुढच्या फेरीत काही हलेल का, आणि हवे ते कॉलेज मिळालेच नाही तर काय? अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवणाऱ्या पहिल्या महिला एलिझाबेथ ब्लॅकवेल यांच्यापुढे हा प्रश्न पावणेदोनशे वर्षांपूर्वी वारंवार आला. त्यांना नकार मिळाला तो गुण कमी पडले म्हणून नव्हे, स्त्री म्हणून. त्यामुळे आजच्या प्रवेशप्रक्रियेशी त्यांची थेट तुलना होणार नाही. तरी प्रत्येक नकारानंतर त्यांनी कोणता पर्याय निवडला, कोणता नाकारला आणि का, हे पाहण्यासारखे आहे.

डॉक्टर व्हायचे कधी ठरले?

एलिझाबेथ यांचा जन्म ३ फेब्रुवारी १८२१ रोजी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे झाला. वडील सॅम्युअल यांचा साखर शुद्ध करण्याचा कारखाना होता. गुलामगिरीला विरोध असणारे, चर्चच्या बाबतीतही वेगळ्या मताचे असे हे घर. मुलींनाही मुलांसारखेच शिक्षण मिळावे म्हणून घरी शिक्षक येत. १८३२ मध्ये कुटुंब अमेरिकेत गेले. १८३८ मध्ये ते ओहायो राज्यातील सिनसिनाटीला पोहोचले आणि काही आठवड्यांतच वडील वारले. मागे मोठे कुटुंब होते, पैसा जवळपास नव्हताच. आई आणि मोठ्या बहिणींसोबत एलिझाबेथ यांनी मुलींची शाळा काढली.

म्हणजे आधी त्या शिक्षिका झाल्या, तेही गरजेपोटी. डॉक्टरकीची त्यांना ओढ नव्हती. उलट शरीर, आजार यांचा त्यांना तिटकाराच होता. आजाराने खंगत चाललेल्या एका मैत्रिणीने त्यांच्यापुढे हा विचार ठेवला. तपासायला बाई डॉक्टर असती तर दुखण्याचा सर्वांत वाईट त्रास तरी वाचला असता, असे तिचे म्हणणे होते. ही कल्पना एलिझाबेथ यांनी आधी झटकून टाकली, पण ती डोक्यातून जाईना.

पैसे नव्हते म्हणून १८४५ मध्ये त्या नॉर्थ कॅरोलायनातील ॲशव्हिल येथे शिकवायला गेल्या. ज्यांच्या घरी राहिल्या ते धर्मोपदेशक पूर्वी डॉक्टर होते, त्यांच्याकडे वैद्यकाची पुस्तके होती. पुढच्या वर्षी चार्ल्सटनला, तिथेही एका वैद्यकीय प्राध्यापकाच्या घरी. दिवसा मुलींना संगीत शिकवायचे, उरलेल्या वेळात पुस्तके वाचायची, पगारातून पैसे बाजूला टाकायचे. त्यांचे पहिले शवविच्छेदन म्हणजे एक मेलेला भुंगेरा. केसांच्या आकड्याने तो धरून ठेवला आणि खिशातल्या छोट्या चाकूने कापला. किळस आवरायला त्यांना बराच वेळ लागला. अर्ज करण्यापूर्वीची ही दोन वर्षे अशी गेली.

नकार किती आणि कसे?

१८४७ मध्ये त्या फिलाडेल्फियाला आल्या. अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षणाचे ते प्रमुख केंद्र होते. एका डॉक्टरकडे त्यांनी खासगीत शरीररचनाशास्त्र शिकायला सुरुवात केली आणि शहरातील महाविद्यालयांचे दरवाजे ठोठावले. सगळीकडून नकार आला. मग न्यूयॉर्क. तिथेही तेच. नंतर त्यांनी बारा लहान गावांतील महाविद्यालयांची यादी काढून अर्ज पाठवले. एकूण नकारांचा आकडा साधारण २९ असा सांगितला जातो.

कारणे दोन प्रकारची होती. बाईला हे झेपणार नाही, हे एक. दुसरे अधिक प्रामाणिक म्हणावे लागेल. बायका शिकल्या तर आपले रुग्ण त्यांच्याकडे जातील, अशी डॉक्टरांना धास्ती होती. ही दोन कारणे एकमेकांना छेद देतात, हे बहुधा कोणाच्या लक्षात आले नाही.

याच काळात त्यांना दोन पर्याय सुचवले गेले. पॅरिसला जावे किंवा पुरुषाचा वेश करून वर्गात बसावे. फिलाडेल्फियातील सहानुभूती असलेल्या डॉक्टरांनीच हा सल्ला दिला होता. वेशांतराने शिकता आले असते. पण मिळालेले ज्ञान स्त्री म्हणून उघडपणे वापरता आले नसते आणि मागून येणाऱ्या मुलींसाठी दारही उघडले नसते. एलिझाबेथ यांना हवी होती ती स्वतःच्या नावाची पदवी. हा पर्याय त्यांनी नाकारला.

मग होकार कोणी दिला?

न्यूयॉर्क राज्यातील जिनिव्हा या छोट्या गावातील कॉलेजने. हे स्वित्झर्लंडचे जिनिव्हा नव्हे. तिथल्या प्राध्यापकांना थेट नकार द्यायचा नव्हता, कारण एलिझाबेथ यांची शिफारस फिलाडेल्फियातील एका प्रतिष्ठित डॉक्टरने केली होती. होकार द्यायचीही तयारी नव्हती. मग त्यांनी निर्णय विद्यार्थ्यांवर ढकलला. वर्गात सुमारे दीडशे तरुण होते. एकानेही विरोध केला तर प्रवेश नाही, अशी अट ठेवली गेली. नकार येणार याची प्राध्यापकांना खात्री होती. मुलांना वाटले, कोणीतरी थट्टा चालवली आहे. सगळ्यांनी हसत-खिदळत एकमताने होकार दिला.

ऑक्टोबर १८४७ मध्ये पत्र निघाले आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला एलिझाबेथ प्रत्यक्ष हजर झाल्या. तेव्हा त्या २६ वर्षांच्या होत्या. सत्र सुरू होऊन काही आठवडे उलटले होते. गावातल्या बायका त्यांना रस्त्यात थांबून न्याहाळत. ही बाई एक तर वाईट चालीची असावी किंवा वेडी, असा गावाचा समज होता. वर्गात मात्र उलटे घडले. दंगेखोर म्हणून नाव असलेला तो वर्ग त्या आल्यापासून शांत बसू लागला. जननेंद्रियांच्या विच्छेदनाच्या वेळी त्यांनी वर्गात येऊ नये, असे प्राध्यापकांनी सुचवले. एलिझाबेथ यांनी पत्र लिहून ते मान्य नसल्याचे कळवले. वर्गाने त्यांची बाजू घेतली आणि त्या बसल्या.

इथे त्या काळची शिक्षणपद्धत समजून घ्यायला हवी. बहुतेक अमेरिकी वैद्यकीय महाविद्यालयांत काही महिन्यांची दोन व्याख्यानसत्रे असत आणि दुसऱ्या सत्रात बरेचसे पहिल्याचेच पुन्हा शिकवले जाई. मोठ्या शहरांतील कॉलेजांचा खरा फायदा होता तो शेजारच्या रुग्णालयांचा. लहान गावात ते नव्हते. दोन सत्रांच्या मधली सुट्टी म्हणूनच एलिझाबेथ यांनी फिलाडेल्फियातील ब्लॉकली या गरिबांच्या आश्रयगृहाच्या रुग्णालयात काढली. तिथले तरुण डॉक्टर त्या वॉर्डात आल्या की निघून जात आणि खाटेवरच्या पत्रकावर निदान लिहायचेच बंद करत. स्थलांतरित आयरिश रुग्णांत टायफसची साथ होती. कोणी शिकवले नाही, पण रुग्ण समोर होते. त्यावरच त्यांनी प्रबंध लिहिला आणि तो १८४९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

२३ जानेवारी १८४९ रोजी त्यांना पदवी मिळाली. वर्गात त्या पहिल्या आल्या होत्या.

पदवीनंतर पुन्हा विद्यार्थी का झाल्या?

पदवी होती, पण अनुभव अपुरा होता आणि कोणतेही मोठे रुग्णालय त्यांना उभे करत नव्हते. त्यांना शल्यविशारद व्हायचे होते. त्या पॅरिसला गेल्या. तिथेही डॉक्टर म्हणून कोणी घेईना. एकच जागा खुली होती, ती म्हणजे ला मॅटर्निते हे सरकारी प्रसूतिगृह. तिथे खेड्यापाड्यांतून आलेल्या तरुण मुलींना सुईणीचे शिक्षण देत. एलिझाबेथ यांना त्यांच्यातच राहावे लागणार होते. सामाईक शयनगृह, रात्रपाळ्या, बाहेर पडायला बंदी आणि डॉक्टरकीच्या पदवीची कसलीही दखल नाही.

हातात पदवी असताना सुईणींच्या वर्गात बसणे हा मोठा कमीपणा होता. पण प्रसूतीचा इतका अनुभव त्यांना दुसरीकडे कुठे मिळाला नसता. जून १८४९ च्या अखेरीस त्या दाखल झाल्या. इप्पोलित ब्लो नावाच्या तिथल्या तरुण डॉक्टरला त्या इंग्रजी शिकवत. त्याने त्यांना सूक्ष्मदर्शकाची ओळख करून दिली.

४ नोव्हेंबर १८४९ च्या पहाटे घात झाला. डोळ्यांच्या संसर्गजन्य आजाराने ग्रासलेल्या एका बाळाचे डोळे धुताना दूषित पाणी त्यांच्या डाव्या डोळ्यात उडाले. ब्लो यांनी दिवस-रात्र उपचार केले. उजवा डोळा वाचला, डाव्याची दृष्टी गेली. पुढे जलोपचारासाठी त्या ग्रेफेनबर्गला गेल्या, पण त्याने दुखणे बळावले. अखेर डोळा काढून काचेचा बसवावा लागला. शल्यविशारद होण्याची वाट तिथेच बंद झाली. २९ नकारांनी जे केले नव्हते, ते एका अपघाताने केले.

त्यानंतर लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाने त्यांना शिकण्याची परवानगी दिली. सगळे वॉर्ड खुले होते, एक सोडून. तो होता स्त्रीरोगांचा.

न्यूयॉर्कमध्ये काय मिळाले?

१८५१ मध्ये त्या परतल्या तेव्हा पुन्हा नकारच. रुग्णालयांनी नेमणूक दिली नाही. सरकारी दवाखान्यातील महिला विभागात काम मागितले, तेही नाही. बाई डॉक्टरची पाटी लागणार म्हणून घरमालक जागा देईनात. अखेर उसने पैसे घेऊन त्यांनी घर विकत घेतले. रुग्ण येत नव्हते त्या काळात मुलींच्या आरोग्यावर व्याख्याने दिली, ती १८५२ मध्ये पुस्तकरूपाने आली. १८५३ मध्ये गरीब वस्तीत, टॉम्पकिन्स चौकाजवळ, एका खोलीत दवाखाना उघडला. १८५४ मध्ये किटी बॅरी या अनाथ आयरिश मुलीला घरी आणले. ती अखेरपर्यंत त्यांच्यासोबत राहिली.

१२ मे १८५७ रोजी त्या खोलीचे रुग्णालय झाले. गरीब स्त्रिया आणि मुलांसाठीच्या या रुग्णालयात बहीण एमिली आणि मारी झाक्रेव्हस्का या दोन महिला डॉक्टर सोबत होत्या. एक बाळंतीण दगावली तेव्हा दारात संतप्त जमाव जमला होता. पण हे रुग्णालय टिकले आणि शिकून बाहेर पडणाऱ्या मुलींना हाताखाली काम करायला जागा झाली. एलिझाबेथ यांना स्वतःला नेमके हेच मिळाले नव्हते.

धाकट्या बहिणीला तरी सोपे गेले का?

नाही. एमिली यांनी अर्ज केला तेव्हा जिनिव्हाच्या त्याच कॉलेजने प्रवेश नाकारला. मोठ्या बहिणीने पहिला क्रमांक मिळवूनही! शिकागोच्या रश कॉलेजने एक वर्ष शिकवले आणि राज्यातील वैद्यकीय संघटनेने नाराजी दाखवताच दुसऱ्या वर्षी दार बंद केले. एमिली यांनी १८५४ मध्ये क्लीव्हलँडहून पदवी घेतली.

मुलींसाठी वेगळे महाविद्यालय काढावे, असे ब्लॅकवेल भगिनींना सुरुवातीला वाटत नव्हते. वेगळे म्हणजे दुय्यम ठरण्याची भीती होती. आहे त्याच कॉलेजांनी मुलींना घ्यावे, असा त्यांचा प्रयत्न होता. तो फसल्यावर १८६८ मध्ये त्यांनी रुग्णालयाला जोडून महिला वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. दर्जाबद्दल कोणाला बोट दाखवता येऊ नये म्हणून प्रवेश परीक्षा ठेवली, अभ्यासक्रम लांबवला, बाहेरचे परीक्षक नेमले. आरोग्य आणि स्वच्छता हा विषय एलिझाबेथ स्वतः शिकवत. १८९९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाने मुलींना वैद्यकीय प्रवेश खुला केल्यावर हे महाविद्यालय बंद करून विद्यार्थिनींना तिकडे पाठवले गेले. हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात मुलींना प्रवेश मिळायला मात्र १९४५ उजाडले.

एलिझाबेथ यांचे सगळेच निर्णय आज पटणारे नाहीत. लसीकरणाला त्यांचा विरोध होता आणि जंतुशास्त्राकडे त्या अखेरपर्यंत संशयाने पाहत.

महाराष्ट्राशी काय संबंध?

१८६९ मध्ये एलिझाबेथ इंग्लंडला परतल्या. सोफिया जेक्स-ब्लेक यांच्या पुढाकाराने १८७४ मध्ये लंडनमध्ये महिलांचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि पुढच्या वर्षी तिथे स्त्रीरोगशास्त्राचे अध्यापन एलिझाबेथ यांनी स्वीकारले. सेंट बार्थोलोम्यूमध्ये त्यांच्यासाठी बंद असलेला वॉर्ड याच विषयाचा होता. पुढे प्रकृतीमुळे त्यांनी काम कमी केले. ३१ मे १९१० रोजी हेस्टिंग्ज येथे त्यांचे निधन झाले.

बालपणी झालेल्या लग्नाविरुद्ध मुंबईच्या न्यायालयात लढलेल्या रखमाबाई १८८९ मध्ये याच लंडनच्या महाविद्यालयात दाखल झाल्या. १८९४ मध्ये शिक्षण पूर्ण करून त्या भारतात परतल्या आणि सुरतच्या महिला रुग्णालयात रुजू झाल्या.