प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेणारे हाफकिन कोण होते?

परळच्या हाफकिन संस्थेचं नाव आपण ऐकतो. पण हे हाफकिन कोण?

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म 1860 चा, ओडेसाचा. तिथे मेचनिकॉफ त्यांचे गुरू होते. तारामाशाच्या अळीला काटा टोचला की काही पेशी सरकत त्याच्याभोवती जमतात, हे मेचनिकॉफ यांनी 1882 मध्ये पाहिलं. जखमेजवळची रसायनं या पेशींना वाट दाखवतात, हे पुढे उलगडलं. लस शरीराच्या संरक्षण यंत्रणेला शत्रूची आधीच ओळख करून देते.

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये मांसाच्या अर्कावर तुपाचे थेंब सोडून जंतू वाढवले, उष्णतेनं मारले आणि 10 जानेवारी 1897 ला ती लस स्वतःला टोचली.

1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस घेतलेले 19 जण धनुर्वातानं दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला, पद गेलं. दूषित झाली होती एकच बाटली. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञ पाठीशी उभे राहिले आणि 1907 मध्ये ते निर्दोष ठरले. मुंबईचं पद मात्र परत मिळालं नाही.

1925 मध्ये परळच्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं. 1930 मध्ये ते गेले.