पंधरा रुपयांतले आठ

रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करणाऱ्या गोपाळ कृष्ण गोखल्यांची कथा शाळाशाळांतून सांगितली जाते. तो दिवा ज्यांच्यामुळे त्यांच्या वाट्याला आला, त्या थोरल्या बंधूंचे स्मरण मात्र क्वचितच होते.

९ मे १८६६ रोजी कोतळूक येथे जन्मलेल्या गोपाळरावांचे पितृछत्र १८७९ साली हरपले. अवघ्या अठरा वर्षांच्या गोविंदरावांनी स्वतःचे शिक्षण सोडून कागलला नोकरी धरली. वेतन दरमहा पंधरा रुपये. त्यांतले आठ ते कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवीत. निम्म्याहून अधिक मिळकत दूर राहणाऱ्या एका विद्यार्थ्यावर खर्च करणारे हे कुटुंब कोणत्या तुटपुंज्या शिल्लकीवर जगत असेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा. १८८१ साली गोपाळराव मॅट्रिक झाले. आता नोकरी करून घराला हातभार लावावा, असे त्यांच्या मनाने घेतले; परंतु गोविंदराव ऐकेनात. वहिनींनी आपले दागिने पुढे केले आणि कॉलेजची वाट मोकळी झाली. राजाराम, डेक्कन व एल्फिन्स्टन असा प्रवास करून १८८४ साली ते पदवीधर झाले.

खरी कसोटी त्यानंतरची. भाऊ मोठ्या पगाराचा अधिकारी किंवा वकील होईल, ही घराची अपेक्षा रास्तच होती. गोपाळरावांनी मात्र डेक्कन एज्युकेशन सोसायटीत अल्प वेतनावर वीस वर्षे सेवेचे व्रत घेण्याचे ठरविले. मन वळविणे सोपे नव्हते. तथापि गोविंदरावांनी अखेर संमती दिली. दिलेल्या पैशाची वसुली त्यांनी भावाच्या आयुष्यातून केली नाही. गोपाळरावांनीही हे ऋण कधी नाकारले नाही.

१९११ साली गोखल्यांनी कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा शिक्षणाची किंमत कुटुंबाला कशी मोजावी लागते हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. विधेयक फेटाळले गेले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी ते निवर्तले.

आजही गावोगावची मुले शिक्षणासाठी शहर गाठतात. त्यांच्यासाठी पोटाला चिमटा घेणारी घरे पुष्कळ आहेत. परंतु त्यागाचा पुढे हक्क होऊ न देणे हे त्यागाहून कठीण. पाठवणाऱ्याने हात मोकळा सोडावा आणि जाणाऱ्याने पाठ फिरवू नये, एवढे साधले तर अंतराने नाते तुटत नाही. कागलच्या त्या कारकुनाने हे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी करून दाखविले.