मेकॅनिकल शिकवणारे, पण स्वतः पदवी नसलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर

बारावीचा निकाल लागला की आपल्या भागात कॅप राउंडची चर्चा सुरू होते. नांदेडला लागतंय का, संभाजीनगरला, की थेट पुणं? कॉम्प्युटरच्या जागा भरल्या की मेकॅनिकलचं नाव निघतं, आणि बाप विचारतो, त्याला पुढं काय हाय? जिंतूर, सेलू, पालमकडच्या अशा घरांसाठी आज लक्ष्मणराव किर्लोस्करांबद्दल लिहितो. आडनाव सगळ्यांना माहीत आहे, विहिरीवरच्या पंपावर वाचलेलं. माणूस मात्र फार कमी जणांना माहीत आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेत मन लागेना. चित्रं काढायची आवड होती म्हणून मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. खर्चाला थोरले भाऊ रामूअण्णा. पण पुढं लक्षात आलं की काही रंग डोळ्याला नीट ओळखू येत नाहीत. चित्रकार व्हायचा रस्ता तिथंच बंद झाला. दुसरा कोणी गावी परतला असता. यांनी यंत्रांची रेखाटनं शिकायला घेतली, कारण त्याला रंग लागत नाही.

त्याच जोरावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, महिना 45 रुपयांवर यांत्रिक रेखाटनाचे सहायक मास्तर म्हणून लागले. शिकवता शिकवताच स्वतः शिकले. वर्कशॉपमधली यंत्रं हाताळायची, अमेरिकेहून येणारी यंत्रांची मासिकं वाचायची, हेच त्यांचं कॉलेज. बढतीची वेळ आली तेव्हा मात्र जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं.

तिथं भावाबरोबर सायकलीचं दुकान होतंच. त्याच्या जोडीला कडबा कापायचं यंत्र बनवलं. मग 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर. आता हे आपल्या लोकांनी नीट वाचावं. शेतकरी तो नांगर घेईनात. लोखंड लागलं की जमिनीला विष चढतं, अशी समजूत होती. पहिले सहा नांगर विकायला दोन वर्षं गेली! आज हसू येतं, पण नवीन बियाणं आलं की आपणबी आधी शेजाऱ्याच्या रानात काय होतंय ते बघतोच की. लाकडी नांगर वरची माती ओरखडतो, लोखंडी फाळ खालची माती उलथून वर आणतो. काळ्या रानातल्या हराळी-कुंद्याला तोच उपाय. हे पटायला वेळ लागला. आमच्या आजोबांचा तसला नांगर अजून गोठ्याच्या भिंतीला टेकून उभा आहे, गंजला पण मोडला नाही.

पुढं बेळगावची जागा सोडायची वेळ आली. तेव्हा औंधच्या राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर माळ दिला, वर कर्जही दिलं. निवडुंग आणि साप असलेला तो माळ. 1910 मध्ये तिथं कारखाना आणि कामगारांची वस्ती उभी राहिली, तीच सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी.

ज्या माणसाकडं इंजिनिअरिंगची पदवी नव्हती आणि तिच्यावाचून ज्याचं काही अडलंही नाही, त्यानं पोराला काय शिकवावं? कारखान्यातच घासला असता तरी चाललं असतं. पण लक्ष्मणरावांनी शंतनुरावांना अमेरिकेत, बोस्टनजवळच्या एमआयटीला मेकॅनिकल इंजिनिअरिंगला पाठवलं. त्या काळी समुद्रमार्गे जायचं म्हणजे चार वर्षं पोराचं तोंड दिसणार नाही. 1926 मध्ये पदवी घेऊन शंतनुराव परत आले ते नोकरी शोधायला नाही, त्याच माळावरच्या कारखान्यात कामाला. मला वाटतं, मासिकं वाचून यंत्र समजून घ्यायला किती वर्षं जातात, ते बापाला चांगलं ठाऊक होतं. ती वर्षं पोराची वाचावीत म्हणून हा खर्च केला.

पदवीचा उपयोग पुढं दिसला. 1946 मध्ये शंतनुरावांनी पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी काढली. वीज पोचली नव्हती त्या गावांत विहिरीवर भटभट करत चालणारं डिझेल इंजिन ते हेच. मोट सुटली, बैल सुटले.

लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 ला गेले. इंजिन शेतात पोचलेलं त्यांनी पाहिलं होतं.