ड्रॅगनचा रंग आणि टॉल्किन : एका हिरव्या ड्रॅगनची गोष्ट

गेम खेळणाऱ्या पोरांना हे तोंडपाठ असतं. ड्रॅगन लाल असेल तर आग, पांढरा असेल तर बर्फ, काळा असेल तर ॲसिड. सोनेरी दिसला तर बहुतेक आपल्याच बाजूचा. पण ज्यांच्यामुळे आजच्या फॅन्टसीत ड्रॅगनला एवढा भाव आला, त्या जे. आर. आर. टॉल्किन यांच्या पुस्तकांत असा तक्ता कुठेच नाही.

त्यांचा जन्म १८९२ चा, दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेनचा. घरात सगळे रोनाल्ड म्हणायचे. आई मुलांना घेऊन इंग्लंडला आलेली असतानाच तिकडे वडील वारले. रोनाल्ड तेव्हा चार वर्षांचा होता. सातेक वर्षांचा झाल्यावर त्यानं ड्रॅगनची एक गोष्ट लिहिली. आई ड्रॅगनबद्दल काहीच बोलली नाही, तिनं चूक काढली ती शब्दांच्या क्रमाची. इंग्रजीत आधी आकार येतो, मग रंग. म्हणजे मोठा हिरवा ड्रॅगन चालेल, हिरवा मोठा नाही. का, ते पोराला कळेना.

१९०४ मध्ये आईही गेली. ती गोष्ट टॉल्किन पुढे विसरले, आईनं काढलेली चूक मात्र म्हातारपणीही आठवत होती. त्यानंतर कितीतरी वर्षं गोष्टी लिहिणं सुटलं आणि भाषेचा नाद लागला. मध्ये महायुद्ध, सॉमची लढाई. मग १९२५ पासून ऑक्सफर्डमध्ये प्राचीन इंग्रजीची प्राध्यापकी.

१९३७ ला 'द हॉबिट' आलं आणि त्यातून स्मॉग आला. रंग लालसर सोनेरी. सोन्याच्या ढिगावर पसरलेल्या स्मॉगचं चित्र टॉल्किन यांनी स्वतः रंगवलंय. पण तो कसा आहे हे रंगावरून कळत नाही, तो तोंड उघडतो तेव्हा कळतं. लोभी, हुशार आणि स्तुतीला भुलणारा.

२ सप्टेंबर १९७३ ला टॉल्किन गेले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा गेम आला. गेमला नियम लागतात. समोर काय आलंय आणि ते काय फेकणार, हे खेळणाऱ्याला पटकन कळायला हवं. म्हणून सहा रंग ठरले आणि प्रत्येकाचं हत्यार ठरलं. पुढच्या असंख्य गेम्सनी हीच पद्धत उचलली.

त्यात निळ्याला वीज मिळाली, लालला आग. हिरव्याच्या वाट्याला आला क्लोरीन वायू.