सूत्राला आकड्यांची जोड देणारा द्रष्टा

माहुल गावाच्या पूर्वेला ट्रॉम्बेची टेकडी उभी आहे. टेकडीच्या अलीकडे, कोळी-आगरी वस्तीला लागून, १९५४ आणि १९५५ या लागोपाठच्या वर्षांत दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. पलीकडच्या अंगाला, मुंबई बंदराकडे तोंड करून, त्याच काळात देशाचे अणुऊर्जा केंद्र आकार घेत होते. हे केंद्र उभारणारे डॉ. होमी जहांगीर भाभा अणुभट्ट्यांचे जनक म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. मात्र, भारतात विज्ञान रुजायचे असेल तर आकडेमोडीचे सामर्थ्यही आपल्याच हाती हवे, हे त्यांनी किती लवकर ओळखले होते, याची आठवण फारशी काढली जात नाही.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुसंस्कृत पारशी कुटुंबात भाभांचा जन्म झाला. वडील जहांगीर हे कायदेपंडित, तर टाटा घराण्याशी जवळचे नाते. कॅथीड्रल शाळा, एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असा प्रवास करून १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले. मुलाने यंत्र अभियांत्रिकी शिकून जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात यावे, ही घरच्यांची अपेक्षा होती. मुलाचे मन मात्र भौतिकशास्त्रात गुंतले होते. अभियांत्रिकीत प्रथम वर्ग मिळवला, तर गणित शिकण्यास मुभा देऊ, असे वडिलांनी कबूल केले. भाभांनी १९३० मध्ये तो वर्ग मिळवला आणि १९३२ मध्ये गणितातही त्याची पुनरावृत्ती केली. अभियंत्याची व्यवहारदृष्टी आणि गणितज्ञाची शिस्त यांचा हा संगम त्यांच्या पुढील आयुष्यात वारंवार दिसतो.

त्या काळी अंतराळातून पृथ्वीवर येणाऱ्या विश्वकिरणांनी शास्त्रज्ञांना चक्रावून टाकले होते. कणांची नोंद करणाऱ्या उपकरणांवर शिशाचा पत्रा ठेवला, तर कणांची संख्या घटायला हवी. प्रत्यक्षात ती आधी वाढे, दीड-दोन सेंटिमीटर जाडीला शिखर गाठी आणि मग उतरे. वॉल्टर हाइटलर यांच्यासह भाभांनी १९३७ मध्ये याचा उलगडा केला. वेगवान इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळून जाताना प्रकाशकण बाहेर टाकतो. त्या प्रकाशकणातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन अशी जोडी जन्मते. ही जोडी पुन्हा नवे प्रकाशकण टाकते. एका कणातून असा कणांचा धबधबा तयार होतो. हीच ती ‘कॅस्केड’ची उपपत्ती. अमेरिकेत कार्लसन आणि ओपेनहायमर यांनीही स्वतंत्रपणे त्याच सुमारास ती मांडली.

उपपत्ती सुचणे हे मात्र निम्मेच काम होते. ती खरी की खोटी हे ठरवायचे, तर प्रयोगात मिळालेल्या वक्ररेषेशेजारी सिद्धान्ताची वक्ररेषा काढून दाखवावी लागते, आणि अशी एक रेषा पुरत नाही. आरंभीच्या कणाची ऊर्जा किती धरायची, यावर उत्तर बदलते. समीकरणातल्या अशा राशीला गणितात प्राचल म्हणतात. प्राचलाला एक किंमत द्यायची, जाडी थोडीथोडी वाढवत प्रत्येक पायरीवरची कणसंख्या काढायची, ती कोष्टकात भरायची आणि रांग पूर्ण झाली की प्राचलाची पुढची किंमत घेऊन सारे पुन्हा पहिल्यापासून करायचे, अशी ही पद्धत.

हे काम कसे चालते, ते एका ढोबळ नमुन्यावरून ध्यानात येईल. प्रत्येक पायरीवर कणांची संख्या दुप्पट होते आणि प्रत्येकाची ऊर्जा निम्मी होते, असे समजू. हवेत ही ऊर्जा सुमारे ८ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टच्या खाली गेली, की धबधबा ओसरू लागतो. आरंभीची ऊर्जा १०० कोटी धरली, तर निम्मे करत चार पायऱ्यांत ती या मर्यादेखाली येते. कण होतात १६. ऊर्जा १००० कोटी धरली, तर सात पायऱ्या लागतात आणि कण होतात १२८. ती १०,००० कोटी केली, तर अकरा पायऱ्या आणि २०४८ कण. ऊर्जा दसपट होऊनही शिखर अवघ्या तीन-चार पायऱ्यांनी पुढे सरकते, कणांची संख्या मात्र कितीतरी पटींनी वाढते. ही गोष्ट एकट्या उत्तरातून कळत नाही. तीन रांगा शेजारी-शेजारी मांडल्या, तरच ती दिसते.

भाभांचे खरे समीकरण या नमुन्याहून पुष्कळ अवघड होते. संभाव्यतेचे गणित, किचकट संकलने आणि प्रत्येक किमतीसाठी नव्याने हिशेब. लॉगॅरिथमची कोष्टके आणि हाताने फिरवायची गणकयंत्रे एवढाच त्या काळचा आधार. एका पायरीवर चूक झाली, की पुढची सारी रांग बिघडे.

१९३९ मध्ये भाभा सुटीसाठी मायदेशी आले असताना दुसरे महायुद्ध पेटले आणि परतीचा मार्ग बंद झाला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ते रुजू झाले. १९४१ मध्ये, वयाच्या अवघ्या ३१व्या वर्षी, रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. याच काळात एस. के. चक्रवर्ती यांच्यासोबत त्यांनी कॅस्केडचे गणित अधिक अचूक केले. युरोपातील प्रयोगशाळा दूर होत्या, सहकारी मोजके होते. मोठे विज्ञान करण्यासाठी परदेशीच जावे लागणार असेल, तर देशातील हुशार मुले कायमची परक्यांच्या दारी उभी राहतील, ही जाणीव भाभांना इथे झाली. मार्च १९४४ मध्ये त्यांनी टाटा विश्वस्त संस्थेला पत्र लिहून मूलभूत संशोधनाच्या संस्थेची योजना मांडली. १९४५ मध्ये बंगळुरूत टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली आणि त्याच वर्षअखेरीस ती मुंबईत, पेडर रोडवरील ‘केनिलवर्थ’ बंगल्यात आली.

१९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. जानेवारी १९५४ मध्ये ट्रॉम्बेच्या केंद्राची घोषणा झाली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तेथे ‘अप्सरा’ ही आशियातील पहिल्या काही अणुभट्ट्यांपैकी एक भट्टी कार्यान्वित झाली. इंधन ब्रिटनचे होते, आराखडा आणि बांधणी भारतीयांची. अणुभट्टी म्हणजेही एका अर्थाने कॅस्केडच असते. एका न्यूट्रॉनमुळे अणुकेंद्र फुटते, त्यातून नवे न्यूट्रॉन सुटतात, ते पुढची केंद्रे फोडतात. फरक इतकाच, की येथे ही साखळी ना विझायला हवी, ना हाताबाहेर जायला हवी. इंधनाच्या कांड्यांमधले अंतर, नियंत्रक कांड्यांची खोली, पाण्याची पातळी हे सारे प्राचल. प्रत्येकाच्या अनेक किमती घेऊन भट्टीच्या प्रत्येक बिंदूवरचे न्यूट्रॉनांचे प्रमाण काढावे लागते. येथे चुकीच्या रांगेची किंमत शोधनिबंधातल्या दुरुस्तीने भागणारी नव्हती.

म्हणूनच ट्रॉम्बेची पायाभरणी होत असतानाच टाटा संस्थेत संगणक बनवण्याचे काम हाती घेतले गेले, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. १९५४ मध्ये अमेरिकेतून गणितात डॉक्टरेट घेऊन परतलेल्या आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांचा एक गट जमला. यातील बहुतेकांनी संगणक प्रत्यक्ष पाहिलेलाही नव्हता. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत प्रा. महालनोबिस यांनी इंग्लंडहून यंत्र आणले होते; मुंबईच्या या गटाने ते स्वतः बांधायचे ठरवले. १९५६ च्या अखेरीस छोटे प्रायोगिक यंत्र चालू झाले आणि फेब्रुवारी १९६० मध्ये पूर्ण संगणक. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले.

टिफ्रॅकच्या स्मृतीत फक्त २,०४८ शब्द मावत. वीस ऊर्जा आणि पन्नास जाड्या घेतल्या, तरी कोष्टकात हजार आकडे होतात. म्हणजे जवळपास निम्मी स्मृती त्यातच संपे आणि उरलेल्या जागेत सूचना बसवाव्या लागत. त्याही यंत्राच्या सांकेतिक भाषेत, एकेक करून. तरीही माणसाला दिवसेंदिवस पुरणारी पुनरावृत्ती यंत्र न थकता करू लागले. टिफ्रॅकला कॅथोड किरणांचा पडदाही जोडलेला होता आणि त्यावर आलेख उमटत. प्राचल बदलला, की वक्ररेषा कशी सरकते, हे शास्त्रज्ञांना डोळ्यांनी पाहता येऊ लागले.

टेकडीपलीकडे हेच तत्त्व प्रत्यक्ष धातूत उतरले. जानेवारी १९६१ मध्ये ट्रॉम्बेत ‘झर्लिना’ ही जवळजवळ शून्य शक्तीची भट्टी सुरू झाली. वीज किंवा उष्णता निर्माण करणे हा तिचा हेतूच नव्हता. इंधनाच्या कांड्यांची मांडणी बदलत जायची आणि परिणाम मोजायचा, यासाठी ती होती. कागदावरच्या कोष्टकाची पडताळणी तिच्यात करता येई.

या यशाला दुसरी बाजूही होती. टिफ्रॅक पूर्ण होईपर्यंत जगात निर्वात नळ्यांची जागा ट्रान्झिस्टरने घेतली होती. भट्ट्यांची गणिते वाढत होती आणि २,०४८ शब्दांत ती मावत नव्हती. भाभांपुढे पेच होता. स्वदेशीच्या आग्रहाने अपुऱ्या यंत्राला चिकटून राहायचे, की परदेशी यंत्र घ्यायचे? त्यांनी दुसरा मार्ग पत्करला. १९६४ मध्ये अमेरिकी साह्याने सीडीसी ३६०० हा बलाढ्य संगणक कुलाब्याला आला आणि टिफ्रॅकला निरोप देण्यात आला. नव्या यंत्राची स्मृती ३२,७६८ शब्दांची, म्हणजे सोळापट होती. शिवाय त्यावर फोरट्रान भाषा चाले. ‘डायमेन्शन’ या एका ओळीने कोष्टकासाठी कप्प्यांची रांग राखून ठेवायची, ‘डू’ या आज्ञेने एक आवर्तन ऊर्जेवर आणि त्याच्या पोटात दुसरे आवर्तन जाडीवर फिरवायचे, की अख्खा तक्ता भरून निघे. देशभरातील विद्यापीठांचे संशोधक आपापले कार्डांचे गठ्ठे घेऊन येथे येऊ लागले.

मग टिफ्रॅकवरील सहा वर्षांचे श्रम वाया गेले का? त्यातून संगणकाचा उद्योग उभा राहिला नाही, हे खरेच आहे आणि ती उणीव देशाला पुढे जाणवली. पण ज्यांनी एकेक नळी जोडून यंत्र बांधले, त्यांना आयात केलेले यंत्र म्हणजे बंद पेटी वाटले नाही. परकीय यंत्र घेण्याआधी ते समजणारी माणसे तयार करणे, हा भाभांचा क्रम होता. १९६३ मध्ये सरकारने नेमलेल्या इलेक्ट्रॉनिक्स समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होते. समितीचा अहवाल १९६६ मध्ये आला, पण तो पाहायला भाभा राहिले नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी ते व्हिएन्नाला निघाले असताना त्यांचे विमान आल्प्समधील माँ ब्लां शिखराजवळ कोसळले. ते ५६ वर्षांचे होते. पुढच्या वर्षी ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.

चित्रकला, पाश्चात्त्य संगीत आणि झाडे यांवर निस्सीम प्रेम करणारा हा अविवाहित शास्त्रज्ञ मागे संस्थांचा मोठा वारसा ठेवून गेला. १९६७ मध्ये हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया स्थापन झाली. १९६९ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्रात टीडीसी-१२ हा संगणक तयार झाला आणि हैदराबादच्या या कंपनीने त्याचे उत्पादन केले. टीडीसी म्हणजे ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर. केंब्रिजमध्ये हाताने कोष्टके भरणाऱ्या तरुणाने जी गरज ओळखली होती, तिचे उत्तर अखेर माहुलच्या टेकडीपलीकडे, त्या जागेचे नाव धारण करून जन्माला आले.