घोड्यांच्या किमतीतून समीकरणे शिकविणारे आचार्य

एका गृहस्थाजवळ तीनशे नाणी आणि सहा घोडे आहेत. दुसऱ्याजवळ दहा घोडे आहेत. पण त्याच्या डोक्यावर शंभर नाण्यांचे कर्ज आहे. सर्व घोडे एकाच किमतीचे असून दोघांची मालमत्ता सारखीच भरते. तर एका घोड्याची किंमत किती?

सातवी-आठवीच्या पाठ्यपुस्तकात सहज खपून जाईल असे हे उदाहरण प्रत्यक्षात पावणेनऊशे वर्षांपूर्वीचे आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या भास्कराचार्यांनी आपल्या ‘बीजगणित’ या ग्रंथात एका अव्यक्ताचे समीकरण शिकविताना अगदी सुरुवातीलाच ते घातले. घोड्याची किंमत शंभर, हे उत्तर तोंडी हिशेबानेही काढता येते. परंतु विद्यार्थ्याने उत्तर ओळखावे, हा आचार्यांचा हेतू नव्हता. जे माहीत नाही त्याला आधी एक नाव द्यावे, माहीत असल्याप्रमाणे त्याच्याशी व्यवहार करावा आणि दोन्ही बाजू समान झाल्या, की त्याच्याकडूनच त्याची किंमत वदवून घ्यावी, हा विचार त्यांना मुलांच्या मनात रुजवायचा होता. आजही बीजगणिताच्या वर्गात विद्यार्थी अडखळतात ते बहुधा याच पायरीवर.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४ चा. हे साल त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे. प्राचीन भारतीय ग्रंथकारांच्या बाबतीत असे भाग्य अभ्यासकांच्या वाट्याला क्वचितच येते. आपले गाव सह्य पर्वताच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड असल्याचे त्यांनी सांगितले. हे गाव नेमके कोणते, यावर पुष्कळ खल झाला. विजापूर आणि बीड यांचीही नावे पुढे आली. मात्र चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या नातवाच्या काळातील शिलालेख मिळाल्यापासून खानदेशाच्या या कोपऱ्याकडे अनेकांचा कौल झुकला. त्या लेखात या घराण्याची वंशावळच कोरलेली आहे. त्रिविक्रमापासून सुरू होणारी ती यादी वाचताना पिढ्यान्‌पिढ्या विद्येवर जगणारे एक कुटुंब डोळ्यांपुढे उभे राहते. वडील महेश्वर हे स्वतः ज्योतिषी होते आणि भास्कराचार्यांचे गुरूही तेच.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग मानले जातात. पुढे एकोणसत्तराव्या वर्षी, ११८३ मध्ये, पंचांगकर्त्यांच्या उपयोगासाठी त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिले. ग्रहगणितातील त्यांचे काम मोठे आहे. पण येथे प्रश्न वर्गातल्या फळ्याचा आहे, म्हणून ‘बीजगणित’ या दुसऱ्या भागाकडेच अधिक पाहावे लागेल.

या ग्रंथामागची त्यांची तक्रार एखाद्या आजच्या शिक्षकाने करावी तशी आहे. ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ यांची बीजगणिते फार विस्तृत असल्याने त्यांतले सार घेऊन शिष्यांना समाधान देईल असे छोटे पुस्तक आपण केल्याचे ते सांगतात. पूर्वसूरींचे ऋण त्यांनी लपविले नाही. वर्गसमीकरण सोडविताना दोन्ही बाजूंना वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणावे आणि मग मधल्या पदाच्या सहगुणकाचा वर्ग मिळवावा, ही रीत श्रीधराचार्यांची असल्याचे त्यांनी नावानिशी नोंदविले. श्रीधरांचा मूळ ग्रंथ काळाच्या ओघात नाहीसा झाला. रीत मात्र भास्कराचार्यांच्या या नोंदीमुळे त्यांच्या नावावर राहिली.

अव्यक्ताला ते ‘यावत्‌तावत्‌’ म्हणत. जितके असेल तितके, असा त्याचा साधा अर्थ. लिहिताना केवळ ‘या’ हे पहिले अक्षर पुरे. एकाहून अधिक अव्यक्ते आली, की रंगांची नावे येत. काळ्याचा ‘का’, निळ्याचा ‘नी’, पिवळ्याचा ‘पी’, तांबड्याचा ‘लो’. ज्ञात संख्येसाठी ‘रू’. ऋण संख्येच्या डोक्यावर एक टिंब. घोड्यांचे उदाहरण या लिपीत मांडले, तर पहिल्या ओळीत ‘या ६ रू ३००’ आणि तिच्याखाली ‘या १० रू १००’, त्यातील शंभरावर टिंब. दोन ओळी एकाखाली एक मांडल्या, की वरच्या या-च्या खाली या आणि रू-च्या खाली रू येतो. एका ओळीतले अव्यक्त दुसऱ्या ओळीतल्या अव्यक्तातून वजा करायचे, रू उलट दिशेने वजा करायचे. कर्जाचे शंभर वजा करायचे म्हणजे मिळवायचे. म्हणून उरतात चारशे. तिकडे चार घोडे. भागाकार केला, की शंभर.

समीकरणाच्या एका बाजूचे पद दुसऱ्या बाजूला नेले की चिन्ह बदलते, हे वाक्य आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घोकून घेतले गेले. ते का बदलते, हे विचारणारा विद्यार्थी वर्गाचा वेळ खाणारा ठरतो. भास्कराचार्यांच्या मांडणीत पद कोठे उडी मारून जातच नाही. दोन समान गोष्टींतून समान गोष्ट काढली, तर उरलेल्या गोष्टीही समान, एवढेच तेथे घडते आणि ते डोळ्यांना दिसते. ऋण संख्या म्हणजे कर्ज, हेही घोड्यांच्या मालकाने न सांगता शिकवून टाकलेले असते.

पण त्यांची खरी शिकवण पुढच्या एका उदाहरणात आहे. दोन मित्रांपैकी पहिला म्हणतो, की मला शंभर दे, म्हणजे मी तुझ्या दुप्पट श्रीमंत होईन. दुसरा उत्तरतो, की तूच मला दहा दे, म्हणजे मी तुझ्या सहापट होईन. दोघांजवळ किती धन आहे? आजचा विद्यार्थी येथे क्ष आणि य अशी दोन अव्यक्ते धरील, दोन समीकरणे मांडील आणि एकाचा लोप करील. त्यात चूक काहीच नाही. भास्कराचार्य मात्र एकाच अव्यक्तात काम उरकतात. पहिल्याजवळ दोन ‘या’ उणे शंभर आणि दुसऱ्याजवळ एक ‘या’ अधिक शंभर आहेत, असे ते गृहीत धरतात. शंभराची देवघेव होताच पहिल्याजवळ दोन ‘या’ होतात आणि दुसऱ्याजवळ एक. म्हणजे पहिली अट मांडणीतच पुरी झाली! आता फक्त दुसरी अट उरली. दहाच्या देवघेवीनंतर पहिल्याजवळ दोन ‘या’ उणे एकशे दहा, दुसऱ्याजवळ एक ‘या’ अधिक एकशे दहा; पहिल्याची सहापट दुसऱ्याइतकी. अकरा ‘या’ म्हणजे सातशे सत्तर, एक ‘या’ म्हणजे सत्तर. पहिल्याजवळ चाळीस, दुसऱ्याजवळ एकशे सत्तर.

यात नवे सूत्र नाही. अव्यक्त म्हणून नेमके काय धरावे, याचा क्षणभर विचार आहे, आणि त्या क्षणभराने निम्मे काम वाचते. बीजगणित म्हणजे अक्षरांची उलथापालथ नसून बुद्धीच खरे बीज होय, असे भास्कराचार्यांचे मत होते आणि ते त्यांनी ग्रंथात एकाहून अधिक ठिकाणी मांडले. ‘यावत्‌तावत्‌’ आणि रंग हे त्या बुद्धीचे मदतनीस. मंदबुद्धीच्या मुलांसाठी सोपे करून सांगितले, असेही ते म्हणतात. आजच्या शिक्षकाने तो शब्द टाळावा हे खरे, पण त्यामागची कळकळ नाकारता येत नाही. सिद्धतेच्या बाबतीत तर त्यांचे धोरण आश्चर्य वाटावे इतके उदार आहे. एका ठिकाणी ते आकृती काढून पडताळा देतात आणि ज्यांना आकृतीची सिद्धता उमगत नाही त्यांना तीच राशींच्या भाषेत दाखवावी, असा सल्ला देतात. एकाच वर्गातील दोन मुले दोन वेगळ्या वाटांनी शिकतात, हे त्यांना ठाऊक होते.

काही प्रश्नांना एकच उत्तर नसते, हेही ते लपवीत नाहीत. एकाजवळ पाच माणके, आठ नीलमणी, सात मोती आणि नव्वद नाणी. दुसऱ्याजवळ सात माणके, नऊ नीलमणी, सहा मोती आणि बासष्ट नाणी. दोघे सारखेच धनवान. येथे माहितीच अपुरी आहे. रत्नांच्या किमती तीन, दोन, एक या प्रमाणात धरल्या, तर उत्तर बारा, आठ, चार येते. नीलमणी पाचाचा आणि मोती तिनाचा धरला, तर माणिक तेराचे होते. दोन्ही उत्तरे बरोबर. बरोबर उत्तर एकच असते अशी सवय लागलेल्या विद्यार्थ्याला हा धक्का उपकारकच म्हटला पाहिजे.

वर्गसमीकरणांत ते वानरांना वर्गात आणतात. कळपाच्या आठव्या हिश्श्याचा वर्ग रानात खेळत आहे आणि उरलेले बारा टेकडीवर किलबिलाट करीत आहेत, कळप केवढा? सोळा किंवा अठ्ठेचाळीस, आणि दोन्ही उत्तरे ते स्वीकारतात. दुसऱ्या कळपात पाचव्या हिश्श्यातून तीन वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग गुहेत शिरला आणि एक वानर फांदीवर दिसला. येथे पन्नास आणि पाच अशी दोन उत्तरे निघतात. पाचाचा पाचवा हिस्सा एक. एकातून तीन वानर कसे वजा करायचे? वर्ग केल्यावर हिशेब जमतो, पण लोकांना असल्या ऋण वानरांची प्रतीती येत नाही, म्हणून ते पाच हे उत्तर सोडून देतात. समीकरणाने दिलेले प्रत्येक उत्तर मूळ प्रश्नापुढे पुन्हा उभे करून पाहायचे, ही सवय परीक्षेच्या घाईत आजही सर्वात आधी सुटते.

त्यांच्याकडूनही चूक झाली नाही असे नाही. शून्याने भागलेल्या संख्येला त्यांनी ‘खहर’ म्हटले आणि तिला अनंताची उपमा दिली, येथवर त्यांची झेप विलक्षण होती. परंतु शून्याने गुणून पुन्हा शून्याने भागल्यास मूळ संख्या जशीच्या तशी परत मिळते, हे त्यांचे गृहीत आजच्या गणिताला मान्य नाही. उलट चक्रवाल पद्धतीतील त्यांचे प्रभुत्व निर्विवाद आहे. एका वर्गाला एकसष्टने गुणून एक मिळविल्यास पुन्हा वर्गच मिळावा, अशी संख्या त्यांनी मागितली आणि २२,६१,५३,९८० हे सर्वात लहान उत्तर दिले. फ्रान्सच्या फर्माने १६५७ मध्ये युरोपातील गणितज्ञांना घातलेल्या कोड्यांत नेमका हाच एकसष्टचा प्रश्न होता. अर्थात ही पद्धत भास्कराचार्यांपूर्वी जयदेव नावाच्या आचार्यांनाही ज्ञात होती.

भास्कराचार्य म्हटले, की घटिकापात्रात मोती अडकून लग्नाचा मुहूर्त टळलेली लीलावती आठवते. मुलीचे दुःख हलके व्हावे म्हणून पित्याने ग्रंथाला तिचे नाव दिले, ही कथा अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेतून सर्वत्र पसरली. भास्कराचार्यांच्या स्वतःच्या ग्रंथात तिचा मागमूस नाही. तेथे आहे ती एक श्रोती, जिला ते कधी बाले म्हणून, कधी मृगाक्षी म्हणून प्रश्न विचारतात. आणि कधी समोर एखादा मित्र किंवा व्यापारीही असतो. गणित कोणाला तरी उद्देशून सांगायचे असते, एवढे मात्र त्यावरून निश्चित होते.

पुढे कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये लीलावतीवर टीका लिहिली, कृष्ण दैवज्ञांनी बीजगणितावर. शाहजहानच्या काळात बीजगणितही फारसीत गेले. १८१६ मध्ये मुंबईत जॉन टेलर यांचे लीलावतीचे इंग्रजी भाषांतर छापले गेले आणि पुढच्याच वर्षी कोलब्रुक यांनी दोन्ही ग्रंथ संस्कृतातून इंग्रजीत नेले.

ही परंपरा टिकण्यामागे केवळ ग्रंथाची थोरवी नव्हती. भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपालाने पाटणहून बोलावून आपल्या पदरच्या पंडितांचे प्रमुख केले. नातू चांगदेव सिंघण यादवाचे राजज्योतिषी झाले. आजोबांचे ग्रंथ नीट शिकविले जावेत, यासाठी चांगदेवांनी पाटणला मठ स्थापन केला आणि यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्यातील सोइदेवाने १२०७ मध्ये त्याला दान दिले. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेला शिलालेख याच दानाचा. चाळीसगाव तालुक्यात, आता गौताळा अभयारण्याच्या झाडीत वेढलेल्या या गावी तेव्हा गजबजलेली पेठ असावी, कारण लेखाच्या शेवटी संस्कृत थांबते आणि त्या काळच्या मराठीत उत्पन्नाचा तपशील येतो. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर ग्राहकाकडून राजाला मिळणारा कर मठाला द्यावा आणि गावात जेवढे तेलाचे घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे एक पळी तेल मठाला पोचवावे.