महादजी शिंदे : पराभवानंतरची तेहतीस वर्षे

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त कोणा थोर पुरुषाचे स्मरण करावे, असा विचार करू लागलो, तेव्हा आमच्यासमोर महादजी शिंदे यांची मूर्ती उभी राहिली. त्यांची हयात बव्हंशी नर्मदेच्या उत्तरेस गेली. परमुलखात माणसाचे आणि समूहाचे मनोधैर्य कसे खचते व कसे सावरते, याचा इतका बोलका दाखला आम्हांस दुसरा ठाऊक नाही.

साताऱ्याकडील कण्हेरखेडच्या राणोजी शिंद्यांचे हे पुत्र. थोरले बंधू जयाप्पा १७५५ साली नागोर येथे मारले गेले. जानेवारी १७६० मध्ये दत्ताजी बुराडी घाटावर पडले. पुढे वर्षभराने, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपत घडले. उपासमारीने गांजलेली फौज त्या दिवशी दुपारपर्यंत निकराने लढली. परंतु विश्वासराव पडले, भाऊसाहेब दिसेनासे झाले आणि फौजेचा धीर सुटला. हातांत शस्त्रे होती, पण कोणाकडे पाहून लढावे हेच कोणास कळेना.

त्या पळापळीत पाठलाग करणाऱ्या अफगाण स्वाराने महादजींच्या पायावर घाव घातला. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना उचलून आपल्या बैलावर घातले व दक्षिणेकडे आणले. पाय जन्माचा अधू झाला. पुतणे जनकोजीही शत्रूच्या हाती सापडून मारले गेले. घराणे असे उजाड झाले असता सरदारकीचा वाद निघाला, तो १७६८ साली माधवराव पेशव्यांनी महादजींच्या बाजूने मिटविला. अवघ्या तीन वर्षांत, १७७१ साली, मराठी फौजा पुन्हा दिल्लीत शिरल्या, आणि जानेवारी १७७२ मध्ये शहाआलम बादशहा त्यांच्या आश्रयाने राजधानीत परतला. पानिपताची सल या यशाने बरीच निवाली.

खरी कसोटी मात्र १७८७ साली लालसोटला लागली. पगार थकलेल्या हिंदुस्थानी पलटणी शत्रूस जाऊन मिळाल्या. महादजींनी उरलेली फौज मोडू न देता शिस्तीने माघार घेतली. आग्र्याचा किल्ला लखबादादांनी वेढ्यातही लढवीत ठेवला. जून १७८८ मध्ये आग्र्याजवळ इस्माईल बेगाचा मोड झाला, आणि त्याच वर्षी गुलाम कादिराने बादशहाचे डोळे काढल्यावर दिल्ली सोडविण्यास जी फौज गेली, तिचा म्होरक्या होता तोच पूर्वीचा भिस्ती, राणेखान. महादजी त्यास भाऊ मानीत. लालसोटचा धडाही ते विसरले नाहीत. द बॉयन या सेनानीच्या कवायती पलटणींचा पगार वेळेवर पोहोचावा म्हणून दुआबातील मुलूख खर्चास नेमून दिला. त्याच पलटणींनी १७९० साली पाटण व मेडता जिंकले. आपला सरदार संकटात जागा सोडीत नाही आणि आपले देणे बुडवीत नाही, हा भरवसा शिपायाच्या मनाला बळ देतो, हे त्यांनी ओळखले होते.

१७९२ साली ते पुण्यास आले आणि १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीस निवर्तले. तेथील छत्री आजही उभी आहे.

आमचे मंडळ म्हणजे काही फौज नव्हे. तरी वर्गणी जमेना, गणेशोत्सवास माणसे मिळेनात, अशी वर्षे आम्हीही पाहिली. मंडळ बंद करावे, अशी भाषा आमच्यापैकीच काहींच्या तोंडी आली होती. त्या दिवसांत जी चार कुटुंबे नेमाने येऊन सतरंज्या अंथरीत राहिली, त्यांच्यामुळे आज हा महोत्सव होत आहे. त्यांच्यापैकी कित्येकांची नावे स्मरणिकेच्या कोणत्याही यादीत सापडणार नाहीत. राणेखानाची आठवण महादजींनी ठेवली. आम्ही यांची ठेवावी, एवढीच वाचकांस विनंती.